१०८०व्या बाइटवरचा नंबर

"फॉर्मॅट मारू काय मॅडम?" कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानातल्या पोरानं माउसवर बोट ठेवूनच विचारलं. स्क्रीनवर विंडोजची चौकट आली होती: ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉर्मॅट करावी लागेल, करायची का? मी जवळजवळ ओरडलेच. "नको! कॅन्सल कर आणि डिस्क काढून दे." ओढणीत गुंडाळून ती डिस्क मी पावसातनं उद्यमनगरला परत आणली.

त्या डिस्कवर काय होतं ते आधी सांगते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं पॅटर्नशॉप आहे. फाउंड्रीत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायच्या आधी वाळूत साचा घेतात, त्यासाठी लागणारा लाकडी किंवा अॅल्युमिनियमचा पॅटर्न आम्ही करतो. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभ्या आयुष्यात काढलेली ड्रॉइंगं शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळच्या आमच्या घरी ट्रंकेत होती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ती ट्रंक तीन दिवस पाण्यात राहिली. कागदाचा लगदा झाला. मी त्याआधी दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी बसून ती सगळी स्कॅन केली होती, म्हणून निभावलं. स्कॅन ठेवले होते दोन डिस्कांच्या एका नेटवर्क डब्यात. एका डिस्कवर जे लिहिलं जाईल तेच दुसरीवरही, असा तो आरसा. एक गेली तर दुसरी आहे, या भरवशावर मी होते.

जुलैमधल्या एका रात्री लाइट तीनदा गेली-आली आणि डबा मेला. सकाळी एक डिस्क नुसती टक-टक आवाज करत होती. दुसरी फिरत होती. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी ३७ फुटांवर गेल्याचे मेसेज मोबाइलवर येत होते (इशारा ३९ ला, धोका ४३ ला), आणि माझ्या डोक्यात एकच: कागद एका पुरात गेले, आता हेही जायचं काय?

आप्पा एवढंच म्हणाले, "त्यात काय हाय ते तुला म्हाईत हाय. घाई करू नगंस."

विंडोजच्या त्या प्रश्नावर माझा राग होता, म्हणून तो कुठून येतो ते मी आधी शोधलं. डिस्क जोडली की विंडोज पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागांचा, तक्ता वाचतं. मग तिच्यावर हक्क सांगायला एकेका फाइलसिस्टमच्या (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीच्या) ड्रायव्हरला पुढं करतं: ही तुझी का? एनटीएफएसवाला पहिलं सेक्टर बघून नाही म्हणतो, फॅटवाला नाही म्हणतो, एक्सफॅटवाला नाही म्हणतो. शेवटी उरतो 'रॉ' नावाचा ड्रायव्हर, तो काहीही स्वीकारतो. रॉ याचा अर्थ एवढाच की कुणी ओळखलं नाही. डिस्क रिकामी आहे असा त्याचा अर्थ मुळीच नाही. पण 'ओळखलं नाही' पासून 'फॉर्मॅट करू का' पर्यंत मध्ये एक पायरीही नसावी, हे मला आजही खटकतं.

दुसरंही एक कळलं. लिनक्सच्या डेटा पार्टिशनला जीपीटी या पद्धतीच्या पार्टिशन-तक्त्यात बरीच वर्षं स्वतःचा वेगळा प्रकार-क्रमांक नव्हता. विंडोजच्या साध्या डेटा पार्टिशनचाच क्रमांक लिनक्सची साधनं वापरत. त्यातनं असलेच घोटाळे व्हायला लागल्यावर पुढं वेगळा क्रमांक ठरला. आमचा डबा जुना, त्यामुळं त्याच्या पार्टिशनवर विंडोजचाच क्रमांक होता. विंडोजला ते आपलं घर वाटलं, आत शिरून बघितलं तर भाषा परकी.

कॉलेजपासून वापरत असलेला उबंटूचा लॅपटॉप घरी होता. त्याला डिस्क जोडून 'एलएसबीएलके' कमांड 'एफ' पर्यायासह चालवली. तीन पार्टिशनं दिसली. पहिल्या दोन लहान, डब्याच्या स्वतःच्या कामाच्या. तिसरी मोठी, आणि तिच्यापुढं प्रकार लिहिलेला: लिनक्स रेड मेंबर. रेड म्हणजे अनेक डिस्का एकत्र चालवायची पद्धत, आमचा आरसा त्यातलाच. माउंट करायला, म्हणजे आतल्या फाइली दिसतील अशी जोडून घ्यायला, गेले तर उत्तर आलं, 'अननोन फाइलसिस्टम टाइप'. म्हणजे इथंही नकार. फरक एवढाच की लिनक्सनं फॉर्मॅटचं नाव काढलं नाही, आणि ही वस्तू काय आहे याचा एक शब्द तरी दिला.

मूळ डिस्कला यापुढं हात लावायचा नाही असं ठरवलं. राजारामपुरीतनं दोन टीबीची नवी डिस्क आणली आणि डीडीरेस्क्यू लावून जुन्या एक टीबीच्या डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा एका फाइलीत उतरवायला घेतली. वाचता न आलेली जागा तो सोडून पुढं जातो आणि वेगळ्या नकाशा-फाइलीत नोंदवून ठेवतो, मग परत येऊन प्रयत्न करतो. मरायला टेकलेल्या डिस्कला हीच वागणूक बरी. डिस्क जोडायचा माझा डॉक जुना, यूएसबी २ चा. सेकंदाला ३० एमबीच्या आसपास वेग. सगळी डिस्क उतरायला नऊ तासांहून जास्त लागणार होते. झोप येणं शक्य नव्हतं. त्या रात्री मी दुसऱ्या मशीनवर बसून एकाच प्रश्नाच्या मागं लागले: डिस्कवर कुठली फाइलसिस्टम आहे हे या यंत्राला कळतं तरी कसं?

माझी समजूत अशी होती की कर्नलच, म्हणजे लिनक्सचा गाभाच, सगळं ओळखत असेल. तसं नाही. कर्नलला माउंट करायला सांगताना प्रकाराचं नाव हातात द्यावं लागतं: एक्सटी४, एक्सएफएस, व्हीफॅट, जे असेल ते. (मशीन चालू होताना मुळातली रूट डिस्क कर्नल स्वतः माउंट करतो तेव्हा मात्र नाव दिलं नसेल तर तो आपल्याकडच्या प्रकारांची यादी एकेक करून चाचपतो.) आपण टर्मिनलवर 'माउंट' म्हणतो ती कमांड कर्नलच्या बाहेरची. आपण प्रकार सांगितला नाही तर ती 'लिबब्लकआयडी' या लायब्ररीला (इतर प्रोग्रामांनी वापरायच्या तयार कोडला) विचारते. ही लायब्ररी डिस्कवरच्या ठरलेल्या जागा उघडून बघते, तिथं ओळखीची छाप आहे का ते तपासते आणि नाव सांगते. तिला काही सापडलं नाही तर माउंट कमांड 'ईटीसी' या फोल्डरमधली फाइलसिस्टम्सची यादी वाचते. ती नसेल तर 'प्रॉक'मधली. त्यातल्या 'नोडेव्ह' असा शेरा असलेल्या, म्हणजे डिस्क न लागणाऱ्या, नोंदी सोडून बाकीचे प्रकार ती ओळीनं लावून बघते. आणि नाव कुठूनही आलेलं असो, शेवटी त्या प्रकाराचा ड्रायव्हर डिस्क स्वतः वाचून पुन्हा खात्री करतो. त्याला छाप दिसली नाही तर तो नाही म्हणतो.

छापांच्या जागा वाचताना मला मजा वाटायला लागली. एक्सएफएस पहिल्याच बाइटपासून 'एक्सएफएसबी' ही चार अक्षरं लिहितो. एनटीएफएस आणि एक्सफॅट पहिले तीन बाइट सोडून आपलं नाव लिहितात. सीडीची आयएसओ फाइलसिस्टम ३२,७६९ वर 'सीडी००१' लिहिते. बीटीआरएफएस तर ६४ केबी पुढं जाऊन, आणखी ६४ बाइट सोडून, आपली खूण ठेवतो. आणि लिनक्सच्या नेहमीच्या एक्सटी घराण्याची खूण १०८० वर.

हे १०८० कुठून आलं? एक्सटीवाले पहिले १०२४ बाइट स्वतः वापरत नाहीत, ते बूट करणाऱ्या प्रोग्रामसाठी मोकळे सोडलेले असतात. १०२४ पासून सुपरब्लॉक सुरू होतो, म्हणजे त्या फाइलसिस्टमचं मुख्य पान: किती ब्लॉक, केवढे, किती रिकामे. त्या पानावर ५६ बाइट पुढं दोन बाइटांचा नंबर आहे, हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या मोजणीत, ईएफ५३. एक्सटी२, ३ आणि ४ तिघांचा नंबर एकच. तिघांतला फरक त्याच पानावरच्या वैशिष्ट्यांच्या खुणांवरून करतात: जर्नल (बदल आधी टिपून ठेवायची वही) आहे का, एक्स्टेंट्स (सलग ब्लॉकांच्या एकत्र नोंदी) आहेत का वगैरे.

वाचून समाधान होईना. ५१२ एमबीची रिकामी फाइल बनवली, तिच्यात एक्सटी४ केली, आत एक चिठ्ठी ठेवली आणि हेक्सडम्पनं १०८० पासून दोन बाइट बघितले. स्क्रीनवर आलं: ५३ ईएफ. उलटं दिसतं, कारण लहान स्थानाचा, म्हणजे आकड्यातला उजवीकडचा, बाइट आधी लिहायची पद्धत आहे. मग डीडी वापरून तेवढ्या दोन बाइटांवर शून्यं लिहिली. ब्लकआयडी, म्हणजे त्याच लायब्ररीला विचारणारी कमांड, गप्प. माउंट म्हणालं, 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक' आणि पुढची ती सगळी लांबलचक ओळ, जी बघून माणसाला वाटतं सगळं संपलं. आतली चिठ्ठी होती तिथंच होती. ५१२ एमबीतले दोन बाइट तेवढे बदलले होते. ५३ ईएफ परत लिहिले, माउंट केलं, चिठ्ठी उघडली. पहाटेचे अडीच वाजले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझे खांदे सैल पडले.

मग उलटा प्रयोग. एक्सटी४ च्या त्याच फाइलीच्या सुरुवातीला, मोकळ्या जागेत, मी हातानं 'एक्सएफएसबी' एवढी चार अक्षरं लिहिली. फसतंय का बघू. फसलं नाही, ब्लकआयडीनं एक्सटी४ च सांगितलं. चार अक्षरं सापडली तरी ते पुढचं पानही वाचतं: ब्लॉकचा आकार, सेक्टरचा आकार, आकडे जुळतात का. माझ्या अक्षरांपुढं नुसती शून्यं होती. मग मी दुसऱ्या फाइलीत खरीखुरी एक्सएफएस बनवली, तिचं पहिलं ५१२ बाइटांचं सेक्टर उचलून एक्सटी४ च्या फाइलीच्या सुरुवातीला चिकटवलं. आता दोन्ही छापा खऱ्या. या वेळी माउंटनं साफ सांगितलं: इथं एकाहून जास्त फाइलसिस्टम सापडताहेत, प्रकार तू सांग नाहीतर 'वाइपएफएस'नं तपास. अंदाज बांधायला त्यानं नकार दिला. मी एक्सटी४ असं नाव देऊन माउंट केलं, चिठ्ठी मिळाली.

सकाळी दुकान उघडल्यावर हे सगळं मी आमच्या मिस्त्रीमामांना सांगितलं. तीस वर्षं पॅटर्न करताहेत. संगणकाला कधी हात लावलेला नाही. पण माझं बोलणं संपायच्या आत त्यांनी फळीवरचा एक पॅटर्न काढून पालथा केला. मागं उठावाच्या अक्षरांत नंबर होता. आमच्याकडं प्रत्येक पॅटर्नवर पार्टीचा नंबर ठरलेल्या जागी बसवतात, तो बीडावर तसाच उठतो. कास्टिंग कुठंही पडलेलं असू दे, पालथं करायचं आणि बघायचं. मामांनी त्या पॅटर्नवरच्या नंबराशेजारची जागा अंगठ्यानं दाखवली. तिथं जुना नंबर तासून काढल्याची खूण होती. कुठल्याशा जुन्या पॅटर्नला दुरुस्त करून नव्या पार्टीसाठी केलेला.

"ह्यो तासायचा राहिला तर काय हुतंय?" मी विचारलं.

"दोन नंबर दिसलं की वतायचं न्हाई. आदी इचारायचं. मागं एकदा न इचारता वतलं, चाळीस नग भंगारात घातलं."

माउंट कमांडनं पहाटे मला तेच सांगितलं होतं.

प्रतिमा पूर्ण झाली होती. नकाशा-फाइलीत न वाचता आलेली जागा अगदी थोडी. मूळ डिस्क काढून कपाटात ठेवली. प्रतिमेची फाइल लूप डिव्हाइस म्हणून, म्हणजे जणू ती डिस्कच आहे अशी, जोडली, फक्त वाचण्यापुरती, पार्टिशनांसकट. तिसऱ्या पार्टिशनवर 'वाइपएफएस' चालवलं. नाव पुसण्याचं असलं तरी पर्याय न देता चालवलं तर ते काही पुसत नाही, सापडलेल्या छापा तेवढ्या दाखवतं. पुसायचा पर्याय वेगळा, तो चुकून टाइप होऊ नये म्हणून मी एंटर दाबायच्या आधी ओळ तीनदा वाचली.

दोन ओळी आल्या. एक लिनक्स रेड मेंबर, पार्टिशनच्या अगदी शेवटाजवळ. आणि दुसरी, हेक्समध्ये ४३८ वर, एक्सटी४. हेक्समधलं ४३८ म्हणजेच १०८०.

ती दुसरी ओळ बघितल्यावर मला रडू आलं, हे लिहायला लाज वाटत नाही.

कारण आता सगळं जुळत होतं. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडची माहिती डिस्कवर कुठं लिहायची याच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत. १.१ मध्ये ती सुरुवातीलाच असते. १.२ मध्ये, जी आता वेगळं काही सांगितलं नाही तर वापरली जाते, सुरुवातीपासून ४ केबी पुढं. पण १.० मध्ये ती शेवटी असते, टोकापासून ८ ते १२ केबीच्या दरम्यान, आणि फाइलसिस्टम पार्टिशनच्या पहिल्या बाइटपासूनच सुरू होते. आमचा डबा १.० वाला होता. आरशाच्या जोडीतली प्रत्येक डिस्क त्यामुळं सुरुवातीकडनं बघितली तर साधी एक्सटी४, शेवटाकडनं बघितली तर रेडची सभासद. १.२ असती तर डेटा पुढं सरकलेला असता, १०८० वर काहीच मिळालं नसतं आणि एमडीएडीएम या रेडच्या साधनानं एकट्या डिस्कवर रेड उभी करायचा किंवा डेटा कुठून सुरू होतो ते शोधायचा खटाटोप करावा लागला असता.

मग माउंटनं 'दोन फाइलसिस्टम दिसतात' असं का म्हटलं नाही, सरळ रेडचंच नाव का घेतलं? याचं उत्तर मला पटलं. लिबब्लकआयडी रेडच्या छापा आधी शोधते आणि एकदा रेड किंवा एन्क्रिप्शन सापडलं की पुढचं बघत नाही. जोडीतली एक डिस्क सुटी काढून कुणी तिच्यावर परस्पर लिहायला लागलं तर दोन आरसे एकमेकांशी खोटं बोलायला लागतील. ज्या नकारानं मला रात्री घाम फोडला, तो डिस्कच्या भल्यासाठी होता.

तरी शेवटची एक अडचण होतीच. प्रकार एक्सटी४, फक्त वाचण्यासाठी, असं सांगून माउंट केलं. पुन्हा नकार! कर्नलचा लॉग उघडला. त्यात लिहिलं होतं की रिकव्हरी हवी आहे, पण लिहायची मुभा नाही, 'नोलोड' लावून बघा. डबा लाइट जाऊन मेला होता ना. जर्नलमध्ये अर्धवट राहिलेली कामं होती, आणि एक्सटी४ माउंट करताना ती आधी पूर्ण करायला बघतं, फक्त वाचायला माउंट केलं तरी. माझ्या लूपवर लिहिणं शक्य नव्हतं, म्हणून ते अडलं. नोलोड दिलं की जर्नलला हात न लावता आत जाता येतं. लाइट गेली त्या शेवटच्या क्षणांतलं एखादं लिखाण अर्धवट दिसू शकतं, पण स्कॅन सगळे वर्षांपूर्वीचे. चालणार होतं.

एंटर. प्रॉम्प्ट परत आला, काही न बोलता. यादी मागितली. फोल्डर ओळीनं आले, मीच दिलेल्या नावांनी: पंप, गिअरबॉक्स, व्हील, ब्रॅकेट.

पहिल्यांदा काय उघडायचं ते ठरलेलं होतं. हातकणंगल्याच्या एका फाउंड्रीला पंपाच्या केसिंगचा जुना पॅटर्न नव्यानं हवा होता आणि ते आठ दिवस थांबले होते. ते ड्रॉइंग उघडलं. कागदाच्या घडीच्या रेघा, डाव्या कोपऱ्यात चहाच्या कपाचं गोल, आणि फ्लँजशेजारी आप्पांच्या हातची पेन्सिलीतली नोंद. मी हाक मारली. आप्पा चष्मा कपाळावरनं खाली ओढत आले, स्क्रीनला नाक लागेल इतके वाकले.

"हितं मी वाढवलेलं हाय," नोंदीवर बोट ठेवून ते म्हणाले. "ह्ये मोल्डरनं सांगितलेलं. ड्रॉइंगात न्हवतं."

प्रिंट काढून मिस्त्रीमामांना दिली. त्यांनी बीडासाठीची पट्टी काढली, जिच्यावर आकसणीचे मीटरमागे दहा मिलिमीटर आधीच धरलेले असतात, आणि लाकडावर पहिली रेघ मारली. मी आत जाऊन स्कॅन दोन वेगळ्या डिस्कांवर उतरवायला लावले. त्यातली एक बहिणीकडं, कळंब्याला राहणार आहे, पुराच्या पाण्याहून बऱ्याच उंचीवर. संध्याकाळी बंधाऱ्याचा मेसेज आला: ३६ फूट, पाणी उतरतंय.